परवानग्या घटल्या म्हणजे मंदी आली का? नागपूरपुरतं माझं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पेपरात आलं की नागपुरात बांधकाम परवानग्या घटल्या, मित्राने तुम्हाला अमेरिकेचा एक चार्ट पाठवला ज्यात मंदीच्या आधीच परवानग्या धाडकन पडलेल्या दिसतात, आणि तुमचा मानेवाडा-बेसा पट्ट्यात २४०० फुटाचा प्लॉट पडून आहे. खाली दोन दुकानं, वर राहायला असं बांधायचं आहे. तर आता नकाशा टाकायचा की दोन वर्षं थांबायचं, आणि मंदीत घरांच्या आणि कमर्शियलच्या परवानग्या कोणत्या भागात कशा कमी होतात.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. लायसन्स इंजिनिअर आहे, पंचवीसेक वर्षं झाली लोकांचे नकाशे घेऊन फिरून राहिलो, आधी ट्रेसिंग आणि अमोनिया प्रिंटचे रोल काखेत मारून, आता लॅपटॉपसमोर बसून अपलोडचं चाक फिरताना पाहत. त्यामुळे जे सांगतो ते फाईल जिथून जाते तिथून दिसलेलं आहे. आणि माझ्या मते तुमच्यापुढे मंदी आली का हा प्रश्नच नाहीये, पेपरातला तो एक आकडा तुमच्या गल्लीबद्दल काही सांगतो का हा प्रश्न आहे. तो फार कमी सांगतो. का ते सांगतो.

पहिले त्या अमेरिकेच्या चार्टचं संपवू. तो चार्ट खोटा नाही. तिथे २००५ साली साडेएकवीस लाखाच्या आसपास घरांना परवानगी मिळाली होती आणि २००९ ला ती सहा लाखाच्याही खाली आली. मोठी मंदी तिथे २००७ च्या शेवटी लागली, म्हणजे परवानग्या त्याच्या दोन वर्षं आधीपासून खाली येऊन राहिल्या होत्या, म्हणून तिकडे हा आकडा पुढचं सांगणारा मानतात. पण तो आकडा फक्त घरांचा असतो, त्यात दुकानं ऑफिसं येत नाहीत. शिवाय तिथे परवानगी काढलेलं घर बहुतेक उभं राहतंच, तेही लवकर. आणि पडझड सगळीकडे सारखी नव्हती, नेवाडा, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया जिथे भाव वेड्यासारखे चढले होते तिथे जास्त, टेक्सासात त्या मानाने कमी. म्हणजे त्यांच्याकडेही देशाचा आकडा पाहून टेक्सासवाल्याने घर थांबवलं असतं तर चुकलाच असता. आपल्याकडे तर नकाशा पास होणं आणि घर बांधलं जाणं ह्याच्यामधे आख्खा पावसाळा, बँक, भावकी आणि रेतीवाला बसलेला असतो.

आता नागपूर. इथे "परवानग्या घटल्या" म्हणताना पहिला घोळ होतो तो कोणाच्या परवानग्या हा. शहरात मनपा आहे, नागपूर सुधार प्रन्यास आहे, आणि शहराबाहेरच्या सातशेहून जास्त गावांसाठी एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मधल्या काळात प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय झाला, मग ती परत उभी राहिली, ह्या सगळ्यात एकाच लेआउटची फाईल कधी इकडे कधी तिकडे. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ ला मनपात आलं. आता सांगा, एका ऑफिसच्या परवानग्या एका वर्षी घटल्या आणि दुसऱ्याच्या वाढल्या तर त्यात लोकांनी बांधणं कमी केलं असं कुठे सिद्ध झालं? फाईलने फक्त पत्ता बदलला. म्हणून कोणी तुम्हाला "साऊथ नागपूरमधे परवानग्या ३० टक्के घटल्या" असं सांगितलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, कोणत्या ऑफिसच्या आणि मागच्या वर्षी तो एरिया त्याच ऑफिसकडे होता का.

दुसरा घोळ मोजण्याचा. दाभ्यात एका बिल्डरची ८० फ्लॅटची स्कीम पास झाली तर रजिस्टरमधे ती एक परवानगी. वाठोड्यात हजार-हजार फुटाच्या प्लॉटवर ८० लोकांनी घरं टाकली तर ८० परवानग्या. मंदीत मोठ्या स्कीम पहिले थांबतात आणि लहान घरं चालूच राहतात, त्यामुळे परवानग्यांचा नग तेवढाच दिसतो आणि चौरस मीटर अर्ध्यावर आलेले असतात. कधी कधी तर नग वाढतो सुद्धा! कारण मंदीत बिल्डर रिवाइज नकाशे टाकतो. थ्री बीएचके विकून नाही राहिले तर टू बीएचके करा, पहिल्या माळ्यावरची ऑफिसं काढून फ्लॅट करा, दोन विंगचं काम टप्प्यात पाडा. मी २००९ आणि परत २०१९ ला वर्षभर जास्त करून रिवाइजचंच काम केलं, नवीन फाईल बोटावर मोजण्याइतकी. पण रजिस्टरला रिवाइज आणि नवीन वेगळे काढले नाहीत तर बाहेरच्याला वाटतं काम जोरात आहे.

तिसरा घोळ सगळ्यात मोठा, आणि ह्याच्यावर जरा थांबतो कारण इथेच लोक फसतात. परवानगी लोक मार्केट पाहून टाकतात तेवढीच सरकारी तारीख पाहून टाकतात. कोविडच्या वेळचं घ्या. मार्च २०२० ला लॉकडाऊन, साइटवरचे छत्तीसगड-बालाघाटचे मजूर पायी निघाले, माझ्या एका साइटवर प्लिंथ (जोत्यापर्यंतचं काम) झाला होता आणि कॉलमच्या सळ्या वर आलेल्या, त्या पावसात गंजू नये म्हणून मी आणि मालक दोघांनी सिमेंटचं घोळ बादलीत कालवून ब्रशने सळ्यांना फासलं, मिस्त्री कोण आणणार. त्या वर्षी परवानग्या पडल्या ते बरोबरच. पण त्याच वर्षी सगळ्यांना माहीत होतं की राज्याचा नवीन एकच नियम, यूडीसीपीआर, येऊन राहिला, तो डिसेंबर २०२० ला आला. त्यात बाल्कनी-जिन्याची एफएसआयची (प्लॉटच्या मापावर किती बांधकाम करता येतं त्याची) पद्धतच बदलली, मूळ एफएसआयवर ॲन्सिलरी, म्हणजे जोडीचा जादा एफएसआय, म्हणून घराला ६० टक्के आणि कमर्शियलला ८० टक्के प्रीमियम (सरकारी शुल्क) भरून मिळू लागले. मग जुन्या नियमात नकाशा कोण टाकेल? शहाणे सगळे थांबले. म्हणजे २०२० चा खड्डा अर्धा कोविडचा आणि अर्धा वाट पाहण्याचा.

आणि मंग २०२१. सरकारने जानेवारीत प्रीमियममधे ५० टक्के सूट दिली, डिसेंबर अखेरपर्यंत, अट ही की ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची. त्या डिसेंबरचे शेवटचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. रात्री बारापर्यंत डिमांडचे हिशोब, चलान भरलं का, यूटीआर नंबर आला का, सर्व्हर झोपला का. माझ्या एका क्लायंटकडे बांधायला पैसे नव्हतेच, बायकोचे दागिने ठेवून त्याने फक्त प्रीमियम भरला, "साहेब अर्ध्यात मिळून राहिलं, कोण सोडते". नकाशा पास झाला. त्या प्लॉटवर आजही कमरेएवढं गवत आहे, बोर्ड मात्र रंगीत लावलेला आहे. आता २०२१ चा आकडा पाहणारा म्हणेल वा, बाजार उठला. उठला होता थोडा, व्याज कमी होतं, रेपो रेट ४ टक्क्यावर होता, त्याआधी स्टॅम्प ड्युटीचीही सूट होऊन गेली होती. पण त्या ढिगातल्या किती परवानग्या भूक लागली म्हणून होत्या आणि किती ताट अर्ध्या किमतीत म्हणून, ते रजिस्टर नाही सांगत.

अशा लहान लाटा दरवर्षीही येतात. बरेच चार्जेस रेडीरेकनरवर (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरावर) निघतात म्हणून ३१ मार्चच्या आधी झुंबड. २०२३ आणि २०२४ ला रेट तसेच ठेवले आणि २०२५ च्या १ एप्रिलला वाढवले, त्यामुळे त्या मार्चचा आणि त्या एप्रिलचा आकडा शेजारी ठेवून कोणी मंदी काढली तर हसावं लागेल. पितृपक्षात कोणी फाईल टाकत नाही, दसऱ्याला टाकतात. महिन्याचा आकडा म्हणून मी पाहतच नाही, वर्ष किंवा निदान सहा महिने धरायचे, तेही मागच्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी.

बरं, आता भागाभागाचं, जे तुम्ही मुळात विचारलं. हे माझ्या फायलींवरून सांगतो, कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

मनीषनगर, बेलतरोडी, बेसा, घोगली, वर्धा रोडची बाजू, इथे बिल्डरची स्कीम जास्त. घेणारा पगारदार, मिहान ह्या उद्योग पट्ट्यातला पोरगा किंवा पुण्यात नोकरी आणि आईबाबांसाठी इथे फ्लॅट. तो बँकेच्या कर्जावर चालतो. कर्ज महागलं, कंपनीत कपात झाली की बुकिंग थांबतं आणि बुकिंग थांबलं की पुढच्या स्कीमचा नकाशा ड्रॉवरमधे जातो. हा पट्टा पहिले पडतो आणि व्याज उतरलं की पहिले उठतो पण हाच. २०१७ च्या आधी बिल्डर नकाशा पास व्हायच्या आधीच बुकिंग घ्यायचे, रेरा हा बिल्डरवरचा कायदा आल्यावर ५०० चौरस मीटरच्या वरचा किंवा आठच्या वर घरांचा प्रोजेक्ट नोंदणीशिवाय विकता येत नाही, नोंदणीला मंजुरी लागते. म्हणून आता ह्या पट्ट्यातली मोठी परवानगी आधीपेक्षा जास्त खरी असते असं मी मानतो.

पूर्वेकडे, वाठोडा, पारडी, कळमना, खरबी, तिकडे उलटं आहे. लहान प्लॉट, स्वतःचं घर, पैसा पीएफचा, गावाकडची दोन एकर विकल्याचा, कापूस चांगला गेला त्याचा. हे लोक जीडीपी पाहून घर थांबवत नाहीत. ह्यांना थांबवते ती आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय प्लॉट पाडून विकलेले लेआउट, त्यांचे ५७२ आणि १९०० हे आकडे नागपूरच्या माणसाला पाठ आहेत, त्यात ते पत्र हाती आल्याशिवाय नकाशा टाकता येत नाही. कोणत्या तारखेपर्यंतची गुंठेवारी नियमित करायची ती मुदत २०२१ मधे कायदा बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली, मग अर्ज घेणं सुरू झालं, आणि जसजसे आरएल सुटत गेले तसतसे नकाशे पडत गेले. म्हणजे अख्खं शहर रडून राहिलं असताना इथे परवानग्या वाढू शकतात, मंदीशी काही संबंध नसताना. आणि कित्येक जण तर परवानगीशिवाय आधीच राहायला गेलेले असतात, ते तुमच्या कोणत्याच आकड्यात नाहीत.

धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर इकडे जुने बंगले पाडून अपार्टमेंट. इथे जमीन विकत नाही घेत, मालकाला दोन फ्लॅट आणि बिल्डरला बाकीचे असा करार. जमिनीत पैसा अडकत नाही म्हणून मंदीत हे काम चिवटपणे चालू राहतं, फक्त प्रीमियम आणि टीडीआरचा (विकत घेतलेल्या जादा बांधकाम हक्काचा) हिशोब बसला पाहिजे. मेट्रोच्या बाजूच्या प्लॉटला एफएसआय जास्त मिळतो पण रस्ता आणि प्लॉट दोन्ही मोठे लागतात, साध्या माणसाला त्याचा फार उपयोग होत नाही. महाल-इतवारीत परवानगी म्हणजे बहुतेक वाटणी. तीन भाऊ वेगळे झाले की नकाशा येतो, त्याला मंदीबिंदी काही लागत नाही.

कमर्शियलची गोष्ट पूर्णच वेगळी आहे. घराची परवानगी पहिले पडते, कमर्शियलची नंतर, माझ्या पाहण्यात वर्ष-दीड वर्षांनी. कारण असं की शॉपिंग कॉम्प्लेक्स कोणी आज ठरवून उद्या टाकत नाही. जमीन, पार्टनर, भाडेकरूशी बोलणी, आर्किटेक्टचे चार आराखडे, मग पार्किंग बसत नाही म्हणून पाचवा. तेजीत ठरलेलं काम मंदीत पास होतं. २००८ च्या वर्षी माझ्याकडे एक कॉम्प्लेक्स होतं, नाव सांगत नाही, मंजुरी आली तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि सहा महिन्यात जो मोठा भाडेकरू येणार होता त्याने हात वर केले. बेसमेंटच्या खड्ड्यात चार वर्षं बेडूक होते. माझी फी पण त्यातच बुडाली, असो. त्यामुळे मंदीच्या सुरुवातीला कमर्शियलचा आकडा चांगला दिसला तर खुश होऊ नका, तो मागच्या तेजीचा उजेड आहे. उठतानाही हे उशिरा उठतं, पहिले घरं भरतात, मग त्या घरांना किराणा, मेडिकल, क्लासेस, जिम लागतात.

आणि "कमर्शियल" हा एक डबा पण नाही. २०१७ ला जीएसटी आल्यावर कंपन्यांना प्रत्येक राज्यात डेपो ठेवायची गरज राहिली नाही, देशाच्या मध्यावर म्हणून नागपूरभोवती गोडाऊनं वाढली, वाडी, गोंडखैरीकडे जाऊन पहा. त्याच काळात सीताबर्डीत एखाद्या जुन्या मार्केटच्या वरच्या माळ्याला कोणी विचारत नव्हतं. दोन्ही कमर्शियलच! एक एनएमआरडीएच्या रजिस्टरमधे, एक मनपाच्या.

मग मी स्वतः काय पाहतो? मंजुरीपेक्षा प्लिंथ चेक, म्हणजे जोत्यापर्यंत काम आल्यावरची तपासणी. मंजुरीला कागद लागतो, प्लिंथला पैसा लागतो. एखाद्या भागात मंजुऱ्या दिसून राहिल्या पण प्लिंथ चेकचे अर्ज नाहीत, तर तिथे लोक कागद जमा करून ठेवून राहिले. त्याच्याही आधीची खूण म्हणजे बांधकामाचं टेम्पररी मीटर, कोणी उगाच डिपॉझिट भरत नाही. सकाळी साडेआठला मानेवाडा चौकाकडे मजुरांच्या ठिय्यावर उभं राहून पहा, दहा वाजताही मिस्त्री आणि रेजा बसलेले दिसले तर काम कमी आहे, साडेनऊला ठिय्या रिकामा असेल तर काम आहे. सेंट्रिंगवाल्याला फोन करा, प्लेटा लगेच देतो म्हणाला तर मंदी, "दादा, पुढच्या अमावस्येनंतर" म्हणाला तर तेजी.

आता तुमचा प्लॉट. २४०० फूट म्हणजे २२३ चौरस मीटर. ३०० मीटरपर्यंतच्या प्लॉटला नियमात लवकर मंजुरीची सोय आहे, १५० पर्यंत तर कागद आणि पैसे भरल्याच्या पावतीवरच, तुम्ही दुसऱ्या गटात बसता, पण खाली दुकानं आली की ती सोय तशीच लागू होईल असं धरून चालू नका. परवानगी एक वर्षाची असते आणि वर्षावर्षाने वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते, तेवढ्यात प्लिंथपर्यंत आलात की डोक्यावरचं ओझं बरंच कमी होतं. म्हणून राहण्यासाठी बांधत असाल तर मी थांबायला सांगणार नाही. मंदीत ठेकेदार रेट ऐकतो, मिस्त्री फोन उचलतो, तुम्ही साइटवर उभे राहून काम करून घेऊ शकता. तेजीत तुमच्या एका घरासाठी चांगला ठेकेदार येतच नाही, बिल्डरकडे जातो.

दुकानांचं मात्र वेगळं. तुमच्या हिशोबात दुकानांच्या भाड्यातून बँकेचा हप्ता निघणार असेल तर तो हिशोब आजच खोडा. आजूबाजूच्या तीन गल्ल्यांत किती शटर वर्षभरापासून बंद आहेत ते एका संध्याकाळी फिरून मोजा, त्याच्यापुढे पेपरातला आकडा काहीच नाही. घराच्या कर्जात बँक दुकानाच्या भागाला कुरकुर करते हे पण आधीच विचारून घ्या, नंतर मधेच पैसे अडकतात. मी असतो तर पूर्ण नकाशा दुकानांसकट पास करून घेतला असता, फाउंडेशन-कॉलम पूर्ण लोडचे टाकले असते, वर राहायचं पूर्ण केलं असतं आणि खालच्या दुकानांना फक्त स्लॅब आणि शटरची जागा ठेवून भिंती-फ्लोरिंग नंतर. राहायच्या भागाची पार्ट ओसी (तेवढ्या भागापुरता वापराचा दाखला) घेता येते. खाली तोवर गाड्या उभ्या करा, पण कागदावर जे पार्किंग दाखवलं त्याच्यात हात घालू नका, पुढे दुकानं चालू करताना तेच नडते.

एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही आणि सगळं तिच्यावर आहे. प्लॉटचा आरएल झालाय का, आणि मंजूर लेआउटमधे समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय? जागेवर टेप लावून मोजलेला नको, नकाशातला पाहिजे. दुकानं बसतात का आणि एफएसआय किती मिळेल हे दोन्ही त्या रस्त्यावर ठरतं. ते दोन कागद पाहून टाका, मग खालच्या माळ्याचं पुढचं बोलू.